तोफखान्याची हिरवी पेटी

कारखान्याचा भोंगा वाजला की, लिस्बनच्या दक्षिणेला, आमच्या त्रोइनूच्या कोळीवाड्यातल्या बायका चुलीवरचं तसंच टाकून धावायच्या. बंदरात तारली आली, एवढाच त्या भोंग्याचा अर्थ. पहाट असो, दुपार असो, पोर अंगावर पीत असो, जावंच लागे. तारली कुणासाठी थांबत नाही. मी पोरसवदा होते तेव्हा त्या धावणाऱ्या बायकांत सामील झाले, आणि डबे भरायच्या टेबलावर माझ्या शेजारी उभी असायची ती झुल्मिरा. माझ्याहून बरीच मोठी. मी तिला मावशी म्हणायला लागले, ते आजतागायत म्हणते. रक्ताचं नातं काही नाही. माशाच्या खवल्यांचं म्हणा हवं तर.

मावशीचा बाप जासिंतु तोफखान्याच्या पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचा. तो निवृत्त झाला तेव्हा पलटणीनं आपल्या जुन्या अवजारपेट्या काढून टाकल्या, त्यातली एक त्यानं घरी आणली. चेस्टनटचं लाकूड, हिरवा रंग, पितळी कोपरे, झाकणाच्या आतल्या बाजूला डागून उमटवलेल्या दोन आडव्या तोफा. आत एकावर एक उचलून ठेवायचे खण, त्यांना नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर. जासिंतुला मुलगा नव्हता. अंगणात बसून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुलपं, पंप, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि लेकीला हाका मारायचा: कानस दे, छोटी हातोडी दे, ती नव्हे, तिच्या शेजारची. मावशी म्हणायची, मला अक्षरओळख व्हायच्या आधी पान्यांची ओळख झाली.

कारखान्यात मात्र यंत्रांना हात लावायचा तो पुरुषांनी. बायकांनी मासे निवडायचे, मुंडकी उडवायची, डबे भरायचे. आमचा यंत्रमेस्त्री होता बेंतु. आफ्रिकेतल्या लढाईवर पाठवायचा कागद आला तेव्हा तो कुणालाही न सांगता सरहद्द ओलांडून फ्रान्सला पसार झाला. आणि त्याच आठवड्यात डब्यांना झाकण बसवणारं यंत्र अडलं.

त्या यंत्राचं असं होतं, की दोन रूळ फिरत फिरत झाकणाची कड डब्याच्या कडेत दुमडायचे. रूळ केसभर जरी सरकले तरी डबा झिरपायचा, आणि झिरपलेला डबा पुढे फुगायचा. बंदरात तीन होड्या भरून तारली, आत टेबलावर ढीग, वर पंख्याखाली मॅनेजर घाम पुसत उभा. दुसऱ्या कारखान्याचा मेस्त्री बोलावला होता, तो येईना. मावशीनं हात धुतले, एप्रनला पुसले आणि मॅनेजरला सांगितलं की मी बघते. पुरुष हसले. एकजण म्हणाला, ‘‘बाई, ते शिवणयंत्र नाही.’’

‘‘माहीत आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘शिवणयंत्र यापेक्षा नाजूक असतं.’’

ती घरी गेली आणि मासळीच्या हातगाडीवर बापाची पेटी घालून परत आली. मला आठवतं, चढावर मी मागून गाडी ढकलत होते. यंत्र त्याच दुपारी सुरू झालं. त्या दिवसापासून कारखाना बंद पडेपर्यंत तिथली यंत्रं तिनंच सांभाळली. मॅनेजर तिला कधी मेस्त्री म्हणाला नाही, हजेरीपटावर ती शेवटपर्यंत डबे भरणारीच राहिली. पण आम्ही बायका तिला मेस्त्रीणबाई म्हणायचो. आधी थट्टेनं, मग सवयीनं, आणि मग अगदी मनापासून.

तिला एका गोष्टीचा फार राग होता. रुळामागचा नट सैल करायचा तर यंत्राचं सगळं डोकं उतरवावं लागे, त्यात अर्धी पाळी जाई. मावशीनं भंगारातून ट्रकच्या पाट्याचं पोलाद आणलं, तापवून त्याला बदकाच्या मानेसारखा बाक दिला, टोकाला नटाच्या मापाचा जबडा कोरला आणि नीट पाणी पाजलं. तो वाकडा पाना मागच्या फटीतून आत जायचा आणि डोकं न उतरवता नट फिरवायचा. पुरुषांच्या खोलीत हत्यारांना पाय फुटत, म्हणून तिनं अक्षरांचे ठसे घेऊन दांड्यावर आपलं नाव ठोकलं. मग तिला नादच लागला. असलीच आणखी कितीतरी हत्यारं तिनं घडवली आणि पेटीत बापाच्या हत्यारांशेजारी ठेवली.

कारखाना बंद पडला तेव्हा मावशी फ्रान्सला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. दरवाजाला मोहर लागली, मग लिलाव झाला, यंत्रांबरोबर कोठीतलं सगळं सामान एकगठ्ठा विकलं गेलं. पेटी कोठीतच होती. मावशी परत आली तेव्हा तिथं उघड्या खिडक्या आणि कबुतरं. ती तिथून सरळ माझ्याकडे आली, कॉफी मागितली आणि म्हणाली, ‘‘बाबांनी मला एकच वस्तू दिली होती.’’ पुढे ती पेटीबद्दल कितीतरी वर्षं बोलली नाही. घरी शिवणयंत्रं दुरुस्त करायची, हॉटेलातले नळ बघायची, नवरा वारला त्याचं दुःख काढलं.

पेटीचा माग लागला तो आझैतांवच्या रविवारच्या बाजारात. मी कांद्याची रोपं बघत होते आणि मावशी पुढे गेली होती. बघते तर ती जुन्या सामानाच्या एका गाळ्यासमोर हिरव्या पेटीचं झाकण उघडून नाक आत घालून उभी. मग तिनं झाकण हळूच मिटलं.

‘‘ही नव्हे,’’ ती म्हणाली.

गाळेवाला आनाक्लेतु जाडजूड, मिशाळ, डोळ्यावर घड्याळजीचं भिंग लटकवलेला माणूस. सैन्याचं जुनं सामान हा त्याचा धंदाही आणि वेडही. कुठली नव्हे, असं त्यानं विचारलं आणि मावशी बोलायला लागली. तिचं ऐकता ऐकता त्यानं खुर्ची पुढे केली. अशा पेटीची किंमत कशात असते ते त्यानं आम्हाला समोरच्या पेटीवरच दाखवलं: झाकणाखालचा डाग स्पष्ट हवा, रंग मूळचा हवा, नमदा शाबूत हवा, आणि आतल्या प्रत्येक हत्यारावर पलटणीचा तोच आकडा हवा. एका पान्याचा आकडा चुकला तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं म्हणे.

‘‘आणि कुणी ती पेटी वापरली असेल तर?’’ मावशीनं विचारलं.

‘‘तर किंमत उतरते, दोना झुल्मिरा.’’ दोना म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

‘‘मग माझी मातीमोलच असणार.’’

पण बोलता बोलता तिच्या तोंडून पितळी कोपरे निघून गेले आणि आनाक्लेतुचा चेहराच बदलला. समोरच्या पेटीचे कोपरे लोखंडी होते. पितळी कोपऱ्यांच्या पेट्या अगदी सुरुवातीला थोड्याच बनल्या, असं तो म्हणाला. त्यानं उभ्या आयुष्यात दोनच पाहिल्या होत्या आणि दोन्ही विकत घेणं त्याला जमलं नव्हतं. मी शोधायला मदत करतो, असं तो आपण होऊन म्हणाला. सापडली तर पहिला हक्क मावशीचा, तिला नको असेल तर त्याचा. त्यांनी हात मिळवले. माझा काही त्या मिशीवर विश्वास बसला नव्हता, हे मी घरी येताना बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाली, ‘‘अगं, लोभी माणूस शोधाला बरा. आळस करत नाही.’’

आणि खरंच त्यानं आळस केला नाही. आमच्या कारखान्याचं कोठीतलं सामान पाल्मेला गावच्या एका भंगारवाल्यानं उचललं होतं, हे त्यानं पंधरवड्यात हुडकून काढलं. भंगारवाला मरून गेला होता. आम्ही गेलो तेव्हा त्याची विधवा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत बसलेली. हिरवी पेटी म्हटल्याबरोबर ती हसली. ती पेटी तिला आठवणारच; तिची रवण कोंबडी वरच्या खणात अंड्यांवर बसायची, हत्यारं खालच्या खणांत तशीच. एक दिवस ओल्यांवहून एकजण यंत्रांचे सुटे भाग घ्यायला आला, त्यानं कोंबडीसकट वरचा खण उचलून खालची हत्यारं पाहिली आणि पेटीच मागितली.

‘‘मी म्हटलं, पिल्लं निघेपर्यंत थांब,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तर थांबला हो. पिल्लं निघाल्यावर परत आला. विवाल्दु त्याचं नाव. अजून नाताळला ट्यूनाचे डबे पाठवतो.’’

ओल्यांव म्हणजे पार दक्षिणेचा किनारा. माझ्या व्हॅनमधून जायचं ठरलं. मावशीनं आदल्या दिवशी केस नीट करून घेतले, काळा कोट काढून त्याला इस्त्री केली, लग्नाला निघाल्यासारखी. वाटेत आनाक्लेतु आपल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होता. लिस्बनचा कुणी डॉक्टर अशा पेट्या काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवतो वगैरे. मावशी खिडकीबाहेर, सालीची बुचं करतात त्या ओकच्या झाडांकडे बघत होती. एकदाच तिनं मला हळूच विचारलं, ‘‘इदालिना, आत नुसते खण राहिले असले तर?’’ मी म्हटलं, मग नुसते खण बघू.

विवाल्दुची शेड बंदराच्या कडेला होती. मासेमारी होड्यांचे जाळी ओढायचे रहाट, डबे बंद करायची यंत्रं, पंप, सगळं तिथं दुरुस्तीला यायचं. पत्र्याच्या छताला इतकी भोकं, की जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले आणि जागोजागी बादल्या ठेवलेल्या. आत गेलो तर एका यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले. आम्ही नमस्कार म्हणणार एवढ्यात त्या पायांच्या मालकानं आतून आवाज दिला,

‘‘झुल्मिरा दे गं.’’

‘‘आले,’’ म्हणून मावशी पुढे झाली.

तिच्या ते लक्षातही आलं नाही. जन्मभर कुणी यंत्राखालून हाक मारली की ती पुढे झाली होती, तशीच झाली. कोपऱ्यात हिशेबाच्या टेबलाशी बसलेली बाई, विवाल्दुची बायको ओतीलिया, आमच्याकडे बघून चकित झाली आणि मग समजुतीनं हसली.

‘‘तुम्हाला नाही हो बाई. पान्याला हाक मारतोय तो.’’

तिनं बाकावरचा पाना उचलला. वाकडा, बदकाच्या मानेचा, हात लागून लागून काळा झालेला. मावशीनं तो तिच्या हातातून मध्येच घेतला. दांड्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून ठोकलेली अक्षरं माझ्यापुढे धरली.

विवाल्दु बाहेर सरकला. पन्नाशीचा, बुटका, कोपरापर्यंत ग्रीस. काय झालं ते त्याला कळेना. आनाक्लेतुनं विचारलं, या पान्याला झुल्मिरा का म्हणता?

‘‘त्याच्यावर लिहिलंय की. कंपनीचं नाव आहे,’’ विवाल्दु म्हणाला. ‘‘स्पेनची असावी. मी तिथल्या विगोच्या दुकानदाराला दोनदा विचारलं, झुल्मिराचे आणखी पाने पाठव म्हणून. तो म्हणतो अशी कंपनीच नाही.’’

‘‘कंपनी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘ही काय, तुमच्यासमोर उभी आहे.’’

विवाल्दुनं मावशीकडे बघितलं. तिच्या काळ्या कोटाकडे, इस्त्रीकडे, मग तिच्या बोटांकडे. ती बोटं बघून त्याला पटलं असावं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि ग्रीसचे हात पँटला पुसत राहिला. मग एकाएकी शेडच्या दाराशी जाऊन त्यानं बंदरावर हाक घातली. आजूबाजूच्या दुकानांतले मेकॅनिक आले, आणि येताना प्रत्येकाच्या हातात तसलाच एकेक वाकडा पाना. विगोहून मिळेना म्हणून विवाल्दुनं मूळचा बघून घडवले होते, शेजाऱ्यांनाही दिले होते. त्यांच्यावर नाव नव्हतं, पण सगळे त्यांना झुल्मिराच म्हणायचे. एकजण म्हणाला, माझ्या होडीवर दोन झुल्मिरा आहेत, एक मोठी आणि एक धाकटी. मावशी हसली, आणि हसतानाच रडली.

मूळच्या पान्याला विवाल्दुनं मागे नळीचा तुकडा जोडून दांडा लांब केला होता, नवी यंत्रं मोठी म्हणून. आता तो ओशाळून क्षमा मागायला लागला. मावशीनं तो जोड उजेडात धरला, नख लावून पाहिला.

‘‘छान केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘हे मला सुचायला हवं होतं.’’

पेटी मागच्या भिंतीशी होती. आनाक्लेतु तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला तो चर्चमध्ये बसल्यासारखा. आरसा काढला, दिवा काढला, भिंग डोळ्याला लावलं. डाग स्पष्ट होता, कोपरे पितळी होते, रंग मूळचा होता. पण एका खणात जासिंतुनं हातड्रिलसाठी खाच पाडलेली, नमदा दोन ठिकाणी जळलेला, आणि पलटणीच्या आकड्याची हत्यारं निम्मीसुद्धा नाहीत. बाकी सगळी मावशीनं घडवलेली. त्यानं उसासा टाकला आणि एक किंमत सांगितली. वाईट नव्हती. मग त्यानं पेटीवर हात ठेवून दारातल्या त्या मेकॅनिकांकडे आणि त्यांच्या हातांतल्या पान्यांकडे बघितलं.

‘‘नाही, चुकलो,’’ तो म्हणाला. ‘‘वस्तू कुणाची होती हे माहीत नसतं तेव्हा ती किंमत. इथं तर वापरणारी समोर उभी आहे, आणि तिच्या नावानं अख्खं बंदर नट फिरवतंय. असं मी कधी पाहिलं नाही. दुप्पट धरा. आणि माझा डॉक्टर त्याहून जास्त देईल.’’

ती रक्कम माझ्या व्हॅनपेक्षा मोठी होती. ओतीलिया खुर्चीत बसली आणि तिची नजर आपसूक छताकडे गेली. कायद्यानं पेटी विवाल्दुची, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यानं ती पैसे देऊन घेतली होती.

शेवटी विवाल्दुच बोलला. ‘‘मला विकायची नाही. पेटी यांची आहे, यांनी घेऊन जावी. फक्त, बाई...’’ तो पान्याकडे बघत अडखळला. ‘‘हा नेलात तर माझ्या हातच्या नकला आहेत. पण त्या याच्यासारख्या नाहीत. पोलादाला तसं पाणी मला जमत नाही.’’

मावशीनं पेटीचा एकेक खण उचलून बाहेर ठेवला, आतलं लाकूड हातानं चाचपलं, वास घेतला. मग म्हणाली, ‘‘पेटी माझ्या बापाची. ती मी नेते, आणि त्याची ही छोटी हातोडी. हत्यारं मी कामासाठी केली, त्यांना इथं काम आहे. ती इथंच राहू देत.’’

आनाक्लेतु कळवळला. ‘‘दोना, दोन्ही वेगळी केलीत तर किंमत मोडते. पेटीचीही आणि हत्यारांचीही.’’

‘‘मोडू दे,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुमचा डॉक्टर त्यातलं एक तरी वापरणार होता का?’’

आनाक्लेतुनं भिंग खिशात टाकलं. माणूस शब्दाचा पक्का निघाला, पुढे हट्ट धरला नाही. उलट कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेले जहाजांचे जुने पितळी दिवे त्यानं हुडकले आणि ओतीलियाला त्यांचा चांगला भाव दिला. छताचे पत्रे त्यातून आले, असं तिनं मला नंतर फोनवर सांगितलं. त्याच्या मिशीबद्दल मी जे बोलले होते ते मी मनातल्या मनात मागे घेतलं.

मावशीनं पेटीचे पैसे देऊ केले तर विवाल्दु घेईना. मग तिनं कोट काढून खिळ्याला अडकवला, ओतीलियाचा एप्रन मागितला आणि म्हणाली, भट्टी कुठाय ते दाखव. आम्ही परतणार होतो त्याच दिवशी. परतलो पुढच्या आठवड्यात. मावशी रोज शेडमध्ये. पोलाद कुठल्या रंगावर येईपर्यंत तापवायचं, तेलात कधी बुडवायचं, कधी बाहेर काढायचं, हे विवाल्दुला आणि त्या सगळ्या मेकॅनिकांना तिनं समोर उभं करून शिकवलं. चाळीस-पन्नास वर्षांचे बाप्ये तिच्याभोवती शाळेतल्यासारखे. कुणी घाई केली तर फटकारायची: ‘‘पोलाद आहे ते, तारली नाही. थांबतं.’’ तयार झालेल्या प्रत्येक पान्यावर त्यांनी तिचं नाव ठोकायला लावलं. तिनं आधी नको नको केलं. मग विवाल्दु म्हणाला, नाव नसेल तर ती नक्कल. तेव्हा तिनं ठसे हातात घेतले.

शेवटच्या दुपारी धक्क्यावर शेगडी मांडून त्यांनी तारल्या भाजल्या. पावाच्या जाड कापांवर एकेक, तेल निथळत. तिथला सर्वात म्हातारा मेकॅनिक पेला घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मेस्त्री झुल्मिराच्या नावानं.’’ मेस्त्रीणबाई नाही, बाई नाही, सरळ मेस्त्री. सगळ्यांनी पेले उचलले. मावशी खाली मान घालून काटे काढत बसली होती. तिनं मान वर केली, सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि आपलाही पेला उचलला. कसनुसं हसली नाही, नको नको म्हणाली नाही. जे आपलं आहे ते माणूस घेतो, तसं तिनं ते घेतलं. मग म्हणाली की तारल्यांना मीठ जरा जास्त झालंय.

निघताना पेटी व्हॅनच्या मागच्या भागात ठेवायला मी दार उघडलं, तर मावशी ऐकेना. पुढच्या सीटवर, तिच्या आणि माझ्या मध्ये, पेटी बसली. वरून पट्टासुद्धा लावला. आनाक्लेतु मागे, त्या पितळी दिव्यांत आणि जादा चाकाशेजारी. वळणावळणावर दिवे वाजत होते आणि तो पाठ चोळत कुरकुरत होता, की किंमत मोडलेल्या पेटीपेक्षा तरी माझी जागा पुढे हवी होती. मावशीनं मागे वळूनही पाहिलं नाही. एक हात झाकणावर ठेवून ती मला सांगत होती की गाडीच्या डाव्या चाकातून आवाज येतोय, घरी गेल्यावर बघते.